जपानीच्या वर्गात 'मला मांजर आवडतं' म्हणावं की नाही?

सायलीचा_वेल

पुण्यात गेली चौदा वर्षं जपानी शिकवते आहे. एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतोय. इथे भाषा शिकवणारे, शिकणारे आणि भाषेवर पोट असणारे बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर मांडते.

मागच्या सत्रात एन फाइव्हच्या (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी) बॅचला एक मुलगा होता. डिप्लोमा करून चाकणला नोकरीला लागलेला, शाळा पूर्ण मराठी माध्यमाची. हिरागाना-काताकाना या लिप्या वळणदार, शब्द चोख पाठ. पण 'आवडणे' आलं की हमखास चुकायचा. "वाताशी वा नेको ओ सुकी देस." मी दुरुस्त करायचे, 'ओ' नाही रे, 'गा'. (जपानीत शब्दामागे 'ओ' लागतो कर्माला, 'गा' कर्त्याला.) पुढच्या तासाला परत 'ओ'.

वर्गाचा नियम असा की जपानीत बोला, अगदीच अडलं तर इंग्रजी, मराठी नाही. त्यामुळे मी त्याला समजावलं होतं ते 'आय लाइक कॅट्स' असं. आता त्या वाक्यात 'आय' कर्ता आणि 'कॅट्स' कर्म. कर्माला 'ओ' लागतो हे मीच आदल्या धड्यात शिकवलेलं. मग त्याने दुसरं काय करावं?

एकदा वर्ग सुटल्यावर जिन्यात गाठून त्याला म्हटलं, "मराठीत म्हण." तो म्हणाला, "मला मांजर आवडतं." "यात कर्ता कोण?" दोन पायऱ्या उतरून थांबला. "मांजर, मॅडम. मांजर आवडतं, बोका आवडतो, मांजरी आवडतात. क्रियापद मांजराच्या मागे जातंय." आणि मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे 'गा' मांजराला."

पुन्हा कधीही चुकला नाही. 'जपानी समजतं' हेसुद्धा (निहोंगो गा वाकारिमास) मी शिकवायच्या आधीच बरोबर म्हणाला.

मी हे पुढच्या तासाला सगळ्या वर्गाला मराठीतून सांगितलं. दोन दिवसांत संस्थेतून सूचना आली की वर्गात मातृभाषा आणि भाषांतर नको, त्याने मुलं परावलंबी होतात. सूचना वाईट हेतूने नव्हती. मी स्वतः अशाच शिस्तीत शिकले आहे. आमच्या वेळी मराठी शब्द तोंडातून निघाला की टेबलावरच्या डब्यात पाच रुपये टाकावे लागत. त्या शिस्तीने मला बोलतं केलं, हे मी मान्य करते. पण त्याच शिस्तीपायी पहिली दोन वर्षं मी जपानीकडे इंग्रजीच्या खिडकीतून पाहत राहिले आणि घरचं दार उघडं आहे हे दिसलंच नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

ते दार केवढं मोठं आहे ते पाहा. जपानी क्रियापदाचं 'ते' रूप शिकवताना इंग्रजी पुस्तकांची पानंच्या पानं खर्ची पडतात. मराठीत त्याला एक प्रत्यय पुरतो, 'ऊन'.

ताबेते मिरु: खाऊन बघणे.
कात्ते ओकु: विकत घेऊन ठेवणे.
वासुरेते शिमाऊ: विसरून जाणे.
मोत्ते कुरु: घेऊन येणे.
काइते कुरेरु: लिहून देणे.

'बघणे', 'ठेवणे', 'येणे', 'देणे' ही दुसरी क्रियापदंसुद्धा तीच! 'खाऊन बघ' मध्ये डोळ्यांनी बघायचं काही नसतं, हे मराठी पोराला जन्मापासून ठाऊक आहे. तेच त्याला इंग्रजीतून 'ट्राय इटिंग' असं सांगितलं की दोन ओळखीच्या गोष्टींच्या मध्ये एक अनोळखी माणूस बसवल्यासारखं होतं.

आणि घरातून निघताना जपानी माणूस म्हणतो ते 'इत्ते किमास'. शब्दाला शब्द 'जाऊन येतो'. घरातलं माणूस म्हणतं 'इत्ते इराश्शाई', म्हणजे 'जाऊन या'. आपल्याकडेही निघताना 'जातो' म्हणत नाहीत. माझ्या आजीसमोर कुणी तसं म्हटलं तर ती परत वळवून 'येतो म्हण' म्हणायची. वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलांचे चेहरे कसे उजळले, ते मी विसरणार नाही.

तुमचा अनुभव काय? परकीय भाषा शिकवताना भाषांतर करू द्यावं का? आणि कोणत्या भाषेत?

---

मितभाषी

'इत्ते किमास' वाचून अंगावर काटा आला. वाचतोय.

---

नदीकाठ

सायलीताई, लेख आवडला, तरी माझं मत वेगळं आहे. मी बावीस वर्षं जर्मन शिकवते.

माझ्या विद्यार्थ्याला आठवड्यातून सहा तास जर्मन कानावर पडते. बाकी सगळा वेळ मराठी, हिंदी आणि इंग्रजी. पुण्यात रिक्षावाल्याशी, वाण्याशी, शेजाऱ्याशी तो जर्मन बोलणार नाही. हे सहा तासच त्याची सगळी जर्मनी. त्यातले दोन तास मी मराठीला दिले, तर शिल्लक काय राहिलं?

दुसरं म्हणजे, भाषांतराची सवय लागलेला विद्यार्थी तोंडी परीक्षेत मला लगेच ओळखू येतो. जोडीदाराने प्रश्न विचारला की त्याची नजर वर छताकडे जाते. तो आधी मराठीत वाक्य रचतो, मग ते उचलून जर्मनमध्ये ठेवतो, तोवर जोडीदार अवघडून बसलेला. संभाषण म्हणजे झेल असतो, विचार करून टाकलेलं पत्र नव्हे.

संस्कृतचं उदाहरण घ्या. शाळेत आपण सगळ्यांनी तीन वर्षं 'माध्यमभाषया सरलार्थं लिखत' केलं. पैकीच्या पैकी गुण मिळवलेली मुलं 'मला तहान लागली आहे' एवढं संस्कृतात म्हणू शकत नव्हती. आणि संस्कृत भारतीच्या दहा दिवसांच्या संभाषण शिबिरात गृहिणी, निवृत्त कारकून, शाळकरी पोरं एकत्र बसतात आणि दहाव्या दिवशी छोटी छोटी वाक्यं बोलायला लागतात. तिथे भाषांतर होत नाही. शिक्षिका पुस्तक उचलते आणि 'एतत् पुस्तकम्' म्हणते, बास.

तिसरा मुद्दा सगळ्यात अडचणीचा. माझ्या वर्गात सव्वीस जणांत मराठी अकरा. बाकीचे तमिळ, मल्याळी, गुजराती, बिहारचे, कोलकात्याचे. मी मराठीतून उलगडून सांगायला लागले तर त्या पंधरा जणांनी कुठे बघायचं? त्यांनीही तेवढीच फी भरलेली असते.

---

श्टुटगार्टकर

नदीकाठताईंच्या तिसऱ्या मुद्द्याला धरून. बायकोला इथे जर्मनीत आल्यावर इंटेग्रेशन कोर्सला, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीच्या सरकारी वर्गाला बसवलं. सहाशे तास भाषेचे आणि वर शंभर तास इथला कायदा, इतिहास, समाज यांची ओळख. वर्गात सीरिया, युक्रेन, इरिट्रिया, ब्राझील. सगळ्यांना समजेल अशी एकच भाषा, तीही शिकायची असलेली. अशा ठिकाणी बाई जर्मनमधूनच जर्मन शिकवणार, दुसरा इलाजच नाही.

पण घरी काय व्हायचं ते सांगतो. ती रोज संध्याकाळी वही काढून दिवसभराचं मराठीत लावून बघायची. 'डोख' हा शब्द तिला तीन आठवडे छळत होता. बाई हातवारे करून थकल्या. एक दिवस मी जेवताना विचारलं, "तू येणार नाहीस का उद्या?" ती म्हणाली, "येणार की!" आणि घास हातात धरून थांबली. "अरे, हा 'की' म्हणजेच डोख!"

खरंच तसं आहे. नकारार्थी प्रश्नाला होकार द्यायचा तर जर्मन माणूस 'या' म्हणत नाही, 'डोख' म्हणतो. इंग्रजीत यासाठी सुटा शब्द नाही. आपल्याकडे 'की' आहे, 'तर' आहे, 'ना' आहे, 'बरं' आहे. 'कॉम डोख माल हेअर' म्हणजे 'ये ना जरा इकडे'. 'दास इस्ट या श्योन' म्हणजे 'छानच आहे की हे'. हे बारीक शब्द वापरता आले नाहीत तर जर्मन बरोबर असूनही कोरडी वाटते. ऑफिसात इंग्रजीवरून जर्मन शिकलेले लोक मी बघतो, त्यांच्या बोलण्यात हे येतच नाहीत.

वर्गात भाषांतर होऊ शकलं नाही, म्हणून ते झालंच नाही असं नव्हे. ते आमच्या जेवणाच्या टेबलावर झालं.

---

सायलीचा_वेल

नदीकाठताई, तुमचा पहिला आणि दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य. बोलण्याच्या तासाला मीही मराठी येऊ देत नाही. माझं म्हणणं नवीन रचना पहिल्यांदा समजते त्या दहा मिनिटांपुरतं आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर मी खूप विचार केला, कारण माझाही वर्ग तसाच मिश्र आहे. मग एक दिवस फळ्यावर मधे लिहिलं 'नेको गा सुकी देस' आणि प्रत्येकाला सांगितलं, आपापल्या घरच्या भाषेत लिहा.

मराठी: मला मांजर आवडतं.
हिंदी: मुझे बिल्ली पसंद है.
गुजराती: मने बिलाडी गमे छे.
कन्नड: ननगे बेक्कु इष्ट.
मल्याळम: एनिक्कु पूच्चये इष्टमाणु.
तमिळ: एनक्कु पूनै पिडिक्कुम.

मला, मुझे, मने, ननगे, एनिक्कु, एनक्कु. एकाही भाषेत 'मी' नाही! ज्याला आवडतं तो सगळीकडे चतुर्थीत. फळ्यावर एकच वाक्य वेगळं उभं होतं, ते इंग्रजीचं, आणि नेमकं तेच आपण सगळ्यांसाठी समान दुवा म्हणून वापरत आलो. मल्याळी मुलीने दाखवलं की त्यांच्या वाक्यात मांजरालाही प्रत्यय लागलाय, तिथे मराठीपेक्षा वेगळं आहे. त्यावर वर्गात जी चर्चा झाली तीत प्रत्येकाने स्वतःच्या भाषेकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

वर्ग मिश्र आहे म्हणून आपण इंग्रजीतून समजावतो, पण तेही भाषांतरच असतं. मराठीला बंदी आणि इंग्रजीला मोकळीक, याला भाषांतरविरहित पद्धत म्हणता येणार नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

---

उंबरठा

मी कारखान्यात दुभाषी आहे, जपानी-मराठी-इंग्रजी. सायलीताईंच्या प्रश्नाची दुसरी बाजू सांगते.

माझं सगळं शिक्षण थेट जपानीतून झालं. शिक्षक फार चांगले होते. एन टू पास झाले तेव्हा जपानी बातम्या समजत होत्या. जेएलपीटीत भाषांतराचा प्रश्नच नसतो, बोलायचं नसतं की लिहायचं नसतं. दिलेल्या पर्यायांतला एक निवडायचा, एवढंच. नोकरीच्या पहिल्या दिवशी लाइनवर उभी राहिले. जपानी साहेब दोन मिनिटं बोलले. मला शब्दन्‌शब्द कळला. मग ते थांबले, ऑपरेटर माझ्याकडे बघायला लागला, आणि माझ्या तोंडून काही निघेना. जपानी समजत होती, मराठी तर घरचीच होती, पण एकीतून दुसरीत न्यायचं कसं हे मला कुणी कधी करायलाच लावलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन रडले.

भाषांतर हे वेगळं कौशल्य आहे आणि पुण्यात जपानी शिकणाऱ्या कितीतरी जणांची पुढे रोजीरोटी त्यावरच चालते. शिकताना ते निषिद्ध मानायचं आणि नोकरीत पहिल्या दिवसापासून तेच मागायचं, हे मुलांवर अन्याय करणारं आहे.

काही गोष्टी मला कामावरच उमगल्या. साहेब एखाद्या मागणीवर 'केन्तो शिमास' म्हणाले की आधी मी इंग्रजीत सांगायचे, 'वुई विल एग्झामिन इट'. आमचे लोक उत्तराची वाट बघत बसायचे. आता मराठीत सांगताना मी म्हणते, "बघू म्हणालेत." सगळ्यांना लगेच कळतं की बहुतेक होणार नाही. आपला 'बघू' आणि त्यांचा 'केन्तो' यांचं वजन जवळजवळ सारखं आहे. 'योरोशिकु ओनेगाई शिमास' ला इंग्रजीत धड शब्द नाही. नवीन माणूस लाइनवर आला आणि तसं म्हणाला की मी सांगते, "लक्ष असू द्या म्हणतोय." ऑपरेटर काका मान डोलावतात.

---

रेवाची_आई

मुलीला आठवीपासून जर्मन आहे. तिच्या वहीत सगळे अर्थ इंग्रजीत. परवा आजीने विचारलं, लिंगं किती गं जर्मनमध्ये? ती म्हणाली, "थ्री, मॅस्क्युलिन, फेमिनिन, न्यूटर, खूप डिफिकल्ट आहे." आजी म्हणाली, "तो, ती, ते. आपल्यासारखंच की!" तिच्या हे लक्षातच आलं नव्हतं. ती घरात पूर्ण मराठी बोलते! नदीकाठताई, 'ते मूल' आणि 'दास किंड' दोन्ही नपुंसकलिंगी, 'ते पाणी' आणि 'दास वासर'सुद्धा. असं किती शब्दांचं जुळतं?

---

नदीकाठ

जुळतात तेवढेच फसवतातही, ताई. सूर्य आपल्याकडे पुल्लिंगी, जर्मनमध्ये 'डी झोन' स्त्रीलिंगी. सुरी आपल्याकडे स्त्रीलिंगी, 'दास मेसर' नपुंसकलिंगी. म्हणून लिंग मराठीवरून ठरवायचं नाही, शब्दाबरोबरच पाठ करायचं. पण निर्जीव वस्तूला लिंग असतं आणि त्यामुळे विशेषण बदलतं, याचं मराठी मुलांना नवल वाटत नाही, हे खरं. ते नवल घालवायला इंग्रजी देशांतल्या शिक्षकांचा बराच वेळ जात असणार.

---

पानोपानी

भाषांतराविरुद्धचा हा नियम आला कुठून, ते बघायला हवं.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शाळांत फ्रेंच, इंग्रजी या चालत्याबोलत्या भाषाही लॅटिनसारख्या शिकवत. नियम पाठ करा, सुट्या वाक्यांचं भाषांतर करा. त्याला वैतागून विल्हेल्म फिएटर या जर्मन अध्यापकाने १८८२ मध्ये टोपणनावाने एक पुस्तिका काढली. भाषाशिक्षण उलटं फिरवायला हवं, अशी तिची हाकच होती. त्याच सुमारास अमेरिकेत माक्सिमिलियान बर्लिट्झ यांनी १८७८ साली प्रॉव्हिडन्स गावात शाळा काढली. त्यांनी पत्रव्यवहाराने निकोला जोली नावाचा फ्रेंच मदतनीस नेमला. तो आल्यावर कळलं की त्याला इंग्रजी येतच नाही. बर्लिट्झ तेव्हा आजारी होते. काही आठवड्यांनी वर्गात येऊन बघतात तर विद्यार्थी जोलीशी फ्रेंचमध्ये गप्पा मारताहेत. शाळेची ही कथा भाषांतराशिवाय शिकवायच्या पद्धतीची जन्मकथा म्हणून सांगतात. तेव्हा त्या बंडाची गरज होती, यात मला शंका नाही.

पण पुढे त्याचा दुसराच उपयोग झाला. इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवायची, मातृभाषा नको, हा आग्रह १९६१ च्या युगांडातल्या माकेरेरे परिषदेने जगभर पक्का केला, अशी मांडणी भाषा-अभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये केली. त्यांनी त्याला सरळ भ्रम म्हटलं. असा नियम असला की शिकणाऱ्याची भाषा न येणारा शिक्षकही कुठेही जाऊन शिकवू शकतो आणि एकच पुस्तक शंभर देशांत विकता येतं. इंग्रजीच्या बाजारासाठी ते सोयीचं होतं. इतर भाषांच्या संस्थांनी तीच शिस्त उचलली.

आता युरोपातही वारं फिरलंय. ए१, ए२ वगैरे पातळ्या ठरवणारी युरोपीय परिषदेची जी चौकट आहे, तिच्यात २००१ पासूनच ग्रहण, निर्मिती, संवाद यांच्या जोडीला 'मध्यस्थी' हा चौथा प्रकार आहे. एका भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेतल्या माणसापर्यंत पोचवणं त्यात येतं. २०२० च्या पूरक खंडात त्याचे पातळीवार निकषही दिलेत. जर्मनीतल्या शाळांत इंग्रजी-फ्रेंच शिकवताना 'श्प्राखमिटलुंग' नावाचा प्रकार असतो: जर्मन लेख वाचून त्यातलं कामाचं तेवढं परदेशी मित्राला त्याच्या भाषेत लिहून कळवायचं. शब्दाला शब्द नव्हे. उंबरठाताईंना पहिल्या दिवशी जे हवं होतं ते हेच.

आणि सायलीताई, तुमच्या जपानबद्दल. जपानी लोक हजारभर वर्षं चिनी ग्रंथ वाचत आले ते बाजूला खुणा करून, शब्दांचा क्रम फिरवून, जपानीत लावत लावत. १७७४ मध्ये सुगिता गेनपाकू, माएनो र्‍योताकु आणि त्यांच्या सोबत्यांनी शरीरशास्त्राचा डच ग्रंथ जपानीत आणला, तेव्हा त्यांना डच जेमतेम येत होती. चित्रातला अवयव आणि शेजारचा शब्द जुळवत ओळ ओळ पुढे सरकले. भाषांतर करता करताच ते डच शिकले.

आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्यांतल्या अनेकांचे उच्चार अडखळत असतील, पण अर्ज, पत्रं, निकालपत्रं त्यांनी निर्दोष लिहिली.

---

जुना_वाचक

मी १९८१ ते ८४ रशियन शिकलो, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, संध्याकाळच्या वर्गाला. दिवसा बँकेत नोकरी. त्या काळी सोव्हिएत पुस्तकांची मराठी भाषांतरं फार स्वस्तात मिळायची, जाड कागद, घट्ट बांधणी. मी एकाच गोष्टीची रशियन प्रत आणि मराठी प्रत शेजारी शेजारी ठेवून वाचायचो. आधी मराठी परिच्छेद, मग रशियन, मग मराठी झाकून रशियनवरून स्वतः मराठी लिहायचं आणि छापील भाषांतराशी ताडून बघायचं. रविवारची सकाळ एका पानात जायची. कुणी सांगितलं नव्हतं, मला त्यात गोडी लागली होती.

त्यातून जे कळलं ते वर्गात कळलं नव्हतं. रशियनमध्ये 'माझ्याकडे पुस्तक आहे' म्हणायला इंग्रजी 'हॅव'सारखं क्रियापद लागत नाही. 'उ मिन्या येस्त क्नीगा', माझ्यापाशी आहे पुस्तक. 'म्न्ये खोलदना', मला थंडी वाजतेय. 'म्न्ये न्रावित्सा', मला आवडतं. पुन्हा तीच 'मला'! सायलीताईंच्या फळ्यावर माझीही एक ओळ लिहा.

आज वय शहात्तर आहे. रशियन बोलायची संधी चाळीस वर्षांत मोजून तीन-चारदा आली. पण वाचायला अजूनही येतं, आणि ते त्या रविवारांमुळे.

---

कोयनाकाठचा_मास्तर

मी तालुक्याच्या गावी जर्मन शिकवतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून आमच्याकडेही जर्मनची चौकशी वाढली. माझ्याकडे वायरमन, फिटर, नर्सिंग केलेल्या मुली. वय वीस ते तीस, शिक्षण मराठीतून.

पुण्यात तुम्ही मराठी वापरावी की नको याची चर्चा करता. माझ्याकडे प्रश्नच नाही. मिळणारी पुस्तकं जर्मन-इंग्रजी. त्यात 'अ‍ॅक्युझेटिव्ह' समजावलेलं इंग्रजीत, म्हणजे मुलांपुढे एका कुलपावर दुसरं कुलूप. मी पहिल्या दिवशी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, नववी-दहावीत विभक्ती शिकलात ना, प्रथमा, द्वितीया, चतुर्थी? त्याच इथे आहेत. एक मुलगी म्हणाली, "सर, मग एवढं काय अवघड आहे त्यात?" ती आता बी वनची परीक्षा देतेय.

वर्गात ती पोरं भीत भीत येतात. इंग्रजी येत नाही म्हणून जर्मनही येणार नाही असं मनात पक्कं बसलेलं असतं. त्यांच्या भाषेतून शिकवल्यावर आधी ती भीती जाते.

सायलीताई, तुमच्याकडे असा काही तक्ता तयार असेल तर द्याल का? जर्मनचाही हवा आहे.

---

नदीकाठ

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. धागा वाचल्यावर मी नव्या बॅचला प्रयोग करून पाहिला. तासातली पहिली पंधरा मिनिटं 'आपापल्या भाषेत', त्यानंतर दाराबाहेर फक्त पाणी प्यायला जाताना मराठी.

'दास बिल्ड गेफेल्ट मिर' मराठीतून 'मला ते चित्र आवडतं' असं लावलं. दरवर्षी या धड्यावर निम्मा वर्ग 'इश' म्हणजे 'मी'ने सुरुवात करून 'इश गेफाले' लिहून अडकतो. यंदा कुणीच नाही. 'मिर इस्ट काल्ट', मला थंडी वाजतेय, हेही पहिल्या फटक्यात. बावीस वर्षांत मी हे 'मला' वापरून का पाहिलं नाही, याचं मलाच वाईट वाटलं.

पण दुसऱ्याच दिवशी गृहपाठात चौघांनी लिहिलं, 'मिर इस्ट हुंगर'. मला भूक लागलीय. एकाने 'मिर इस्ट फीबर' लिहिलं, मला ताप आहे. तिथे जर्मन भाषा 'मला' घेत नाही. 'इश हाबे हुंगर', 'इश हाबे फीबर', म्हणजे माझ्याजवळ भूक आहे, ताप आहे. इंग्रजीवरून शिकणारा ताप बरोबर लिहितो आणि चित्राला चुकतो. मराठीवरून शिकणारा चित्राला बरोबर आणि तापाला चुकतो. पूल बांधला तर तो कुठे संपतो ती पाटीही आपणच लावायला हवी.

तोंडी सरावात मात्र मी अजून ठाम आहे. तिथे छताकडे बघणं नाही.

---

सायलीचा_वेल

नदीकाठताई, तुम्ही करून पाहिलंत आणि चुकांसकट लिहिलंत, याबद्दल मनापासून आभार. ही पाटीची कल्पना मी उचलते.

मास्तर सर, तक्ता करायला घेतलाय. प्रत्येक पानावर दोन रकाने: 'इथे मराठी हात देते' आणि 'इथे मराठी फसवते'. जपानीच्या दुसऱ्या रकान्यातल्या पहिल्या ओळी देते. 'औषध घेतलं' म्हणून 'तोरु' वापरायचं नाही, जपानीत गोळीसुद्धा 'प्यायची' असते, कुसुरी ओ नोमु. आपण टोपी, शर्ट, चप्पल सगळं 'घालतो', जपानीत डोक्यावरचं, अंगातलं आणि पायातलं यांना तीन वेगळी क्रियापदं: काबुरु, किरु, हाकु. 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद जपानी आणि जर्मन दोन्हींत नाही, तो सोडून द्यावा लागतो.

जर्मनचा भाग नदीकाठताई आणि श्टुटगार्टकर बघतील का? मी पहिलं पान रविवारी इथे टाकते.

---

श्टुटगार्टकर

मी आहे. बायकोची वही शोधून काढली, चौऱ्याहत्तर पानं आहेत. ती म्हणतेय की 'डोख'ला एक अख्खं पान हवं. पहिली ओळ तिचीच: 'इश हाब्स दीर डोख गेझाक्ट', सांगितलं होतं ना तुला.

---

कोयनाकाठचा_मास्तर

ही ओळ आज दुपारच्या बॅचला फळ्यावर लिहिली. एकोणीस जणांनी एकदम वाचली. आता आपापसात दिवसभर तेच म्हणताहेत, जर्मनमध्ये.